अकरा वांगी आणि एक झाकण

माझ्या मुलीची सोयरीक एकदा अकरा वांग्यांवर येऊन अडली होती.

सोयरीक पत्रिकेवर अडते, मानपानावर अडते, मुलाच्या आत्याच्या रुसव्यावर अडते, हे सगळं ऐकून होतो. वांग्यावर अडलेली ही पहिलीच. आणि ती अडवणारा दुसरा तिसरा कुणी नसून मुलीचा बाप, म्हणजे मीच होतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मागनं आमची मंडळी सांगणारच आहे, आणि ती जरा जास्तच रंगवून सांगते!

माझं कोल्हापुरात औषधाचं दुकान आहे. माणसांच्या नव्हे, पिकांच्या. अळी, मावा, तुडतुडे, करपा, सगळ्यांवरची औषधं गेली बावीस वर्षं विकतोय. शेतकरी खिशातनं किडकं पान काढून काउंटरवर ठेवतो, मी चष्मा कपाळावर सरकवून बघतो आणि सांगतो, "पंपाला एक झाकण. आणि आण्णाचं एक ऐक, फवारल्यावर सात दिवस तोडायचं न्हाय." तो "व्हय व्हय" म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी तोडून बाजारात नेतो. (मला कसं माहीत? तिसऱ्या दिवशी त्याच मोटारसायकलवरनं, वांग्याची पोती घेऊन, मला हात करून पुढं जातो!)

तर असं सुरळीत चाललेलं असताना दोन वर्षांमागं आमची शैलजा महिला मंडळाच्या बिनविषारी भाजीच्या शिबिराला गेली. गेली तेव्हा माझी बायको होती, आली ती विषमुक्त होऊन आली. पंधरा दिवसांत कळंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या घराची गच्ची कुंड्या, रंगाचे डबे, फुटक्या बादल्या यांनी भरून गेली. माझं जुनं हेल्मेटसुद्धा सुटलं नाही, त्यात पुदिना लावला. आणि त्या दिवसापासनं माझ्या दुकानातल्या मालाला घरात 'विष' म्हणायला सुरुवात झाली.

"आलासा विष विकून? आधी हात धुवा."

"अगं, त्या विषावर तुझी गच्ची बांधलीय!"

"मग गच्चीवर पाय ठेवू नका. तेवढंच करा."

झालं! ज्याला पान दाखवायला चार तालुक्यांतनं माणसं येतात, त्याला स्वतःच्या गच्चीवर जायला बंदी.

तेही सोसलं असतं. पण मध्ये आमच्या अश्विनीचं लग्न निघालं. निघालं म्हणजे तिनं स्वतःच काढलं. तिच्याच ऑफिसातला समर्थ, घराणं आमच्यातलंच, लिंगायत, गाव गारगोटी. मुलगा शहाणा, मुलगी शहाणी, दोघांचं ठरलेलं. आम्ही आईबापांनी फक्त चहा पिऊन "बरं" म्हणायचं बाकी होतं. पण समर्थचे वडील निघाले निवृत्त शिक्षक. शाळेत शेती शिकवून झाल्यावर आता स्वतःच्या रानात बिनविषारी भाजी पिकवणारे. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी फोनवर मुलीचे वडील काय करतात ते विचारलं, आणि आम्ही सांगितलं.

"पोरगी चांगली हाय," गुरुजी म्हणाले, "पण औषधवाल्याच्या घरात सोयरीक म्हंजे... जरा इचार करतो."

विचार महिनाभर चालला. अश्विनी सुट्टीवर घरी आलेली, ती धड जेवेना. नुसती माझ्याकडं बघायची. शेवटी शैलजानं फोन उचलला आणि पदर खोचून बोलायला लागली. (फोनवर पदर खोचलेला दिसत नाही, पण ऐकू येतो!) "गुरुजी, दुकान ते दुकान. आमच्या घरात विषाचा थेंब शिरत न्हाय. गच्चीवरचीच भाजी खातो आम्ही, वांगीसुद्धा. या, बघा, जेवा, मग बोला."

"मग येतो की," गुरुजी म्हणाले. "वांगी मी माझ्या हातानं तोडणार, तुमी भरून करायची. खरंच तसं घर असलं तर जेवून उठल्यावर सुपारी फोडू."

श्रावणातला तिसरा रविवार ठरला. आणि ठरल्या दिवसापासनंच वांग्यात अळी पडली. शेंडे माना टाकायला लागले, फळांना भोकं पडायला लागली. शैलजानं आंबट ताक मारलं, लसूण-मिरचीचं पाणी मारलं, निंबोळी मारली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून गच्चीकडं मान लांब करून बघायचो. माझ्या जिवाची नुसती तगमग! ती अळी मी ओळखतो, तिच्या सात पिढ्या ओळखतो. एक झाकण पुरे. अहो, अर्धं झाकण!

"शैला, एकदाच..."

"नाव काढू नका!"

"सोयरीक मोडंल त्या अळीपायी!"

"मोडू दे. खोट्यावर सोयरीक करायची न्हाय मला."

आता सांगा, अशा बाईशी काय बोलायचं? गुरुवारी सकाळी ती नेहमीसारखी कळंबा तलावाकडं फिरायला गेली. अश्विनी आंघोळीला. मी हिशेब केला: तो रविवार अजून दहा दिवसांवर. डब्यावर लिहिलंय सात दिवस. म्हणजे तीन दिवस वरचे! मी काय अडाणी शेतकरी आहे तिसऱ्या दिवशी तोडायला? इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली, नेमकं मोजून औषध घातलं, बंदी मोडून गच्चीवर गेलो आणि वांग्याची चारही झाडं पानं उलटीपालटी करून भिजवली. बाटली तीनदा धुतली, हात पाच वेळा धुतले. दुकानात गेल्यावर इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला चहा पाजला.

शनिवारी सकाळी गच्चीवरनं आरोळी आली. "अहोऽऽ! मेल्या! सगळ्या मेल्या!"

मला आधी वाटलं कुंडीतल्या मिरच्या वाळल्या. मग शैलजा धावत खाली आली, तळहातावर तीन मेलेल्या अळ्या. डोळ्यांत पाणी. "बघितलासा? माझ्या आंबट ताकाचा गुण! दोन वर्षं हसत होतासा न्हवं?"

"व्हय... ताक लईच आंबट होतं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

अर्ध्या तासात मेलेल्या अळ्यांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेले. दोघी शेजारणी वाटी घेऊन ताकाचं विरजण मागायला आल्या. एकीनं मला विचारलं, "आण्णा, आता तुमचं दुकान कसं चालायचं हो?" मी दात काढले. आणि तेवढ्यात आतनं शैलजाचा आवाज ऐकू आला, "...व्हय गुरुजी, नुसतं ताक! तीन दिवसांचं!"

मी धावत आत गेलो तोवर ती फोन ठेवत होती, चेहरा फुललेला. "गुरुजी म्हणाले, असला चमत्कार असंल तर पुढच्या रविवारी कशाला, उद्याच येतो! अकरा वांगी लागल्यात. पुरतील की!"

मी बोटांवर दिवस मोजले. गुरुवारी मारलेलं, आणि रविवारी खायचं. तिसऱ्या दिवशी!

मग मी जे जे केलं त्याची आज लाज वाटते. "श्रावणात वांगं खात न्हाईत," म्हणालो.

"कधीपासनं? मागच्या मंगळवारी भरीत खाल्लासा की, तीन भाकरीसंगं!"

"वांगं वातूळ असतंय. गुरुजी वयस्कर..."

"त्यांनीच मागितलंय!"

"बटाटा कर. बटाटा कुणाला आवडत न्हाय?"

"तुमच्या पोटात नेमकं काय दुखतंय?" शैलजानं कमरेवर हात ठेवले. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं! पण दारात अश्विनी उभी. महिन्यानं पहिल्यांदा हसत होती. म्हणाली, "आण्णा, तुमी उद्या काय बोलू नका. फक्त बसा. सगळं नीट होतंय." माझं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मी भित्रा माणूस आहे. अळीला सोडून बाकी सगळ्यांना भितो.

पण एक पक्कं होतं. ती वांगी कुणाच्याही पोटात जाऊ द्यायची नाहीत. बावीस वर्षं लोकांना सात दिवस सात दिवस म्हणून ओरडलो, आणि आता माझ्याच घरात, माझ्याच पावण्यांना, माझ्याच पोरीला? छे! वांगी बदलायची. रविवारी उजाडायच्या आत स्कूटर काढली आणि मंडई गाठली.

आणि मंडईत उभा राहिल्यावर मला माझा धंदा काय आहे ते कळलं. ज्या वांग्याकडं बघावं त्याचा मालक माझं गिऱ्हाईक! ह्याला मी मंगळवारी डबा दिलेला. त्याला बुधवारी. तो पलीकडचा तर काल संध्याकाळी दोन बाटल्या घेऊन गेलेला. वांगी मात्र एकेक अशी चकचकीत, तुकतुकीत! बाया टोपल्या भरून नेत होत्या. मी रिकामी पिशवी घेऊन त्यांच्यामधनं चोरासारखा हिंडत होतो.

"या आण्णा, या! आज मंडईत कसं काय?" कागलकडचा तुकाराम ओरडला. माझं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. "ह्ये घ्या वांगी. तुमास्नी काय पैसं न्हाईत."

"तुका, औषध कधी मारलंस?"

"परवा की! तुमीच दिलंतं न्हवं?"

"म्हणूनच नको म्हणतोय!"

हे मी जरा मोठ्यानं बोललो. भर मंडईत! आजूबाजूच्या चार तराजूंचे काटे हवेत थांबले. आवाज खाली आणून मी त्याच्या कानाशी लागलो, "बिनऔषधाची न्हाईत काय रे? घरी खायाची?"

तुकारामनं इकडं तिकडं बघितलं. मग पोत्यामागनं कापडी पिशवी जरा वर केली. "हाईत. घरच्या सरीतली. ती आमी फवारत न्हाय. पण ही इकायची न्हवंत, राजारामपुरीत बहीण हाय माझी, तिला न्यायची हाईत."

बघा! प्रत्येकाच्या रानात घरच्या खाण्याची एक सरी, एक ओळ, वेगळी असते, हे मला पहिल्यापासनं माहीत होतं. कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्या सरीसाठी मी पंधरा वर्षांच्या गिऱ्हाइकाचे हात धरले. "तुका, पोरीच्या सोयरिकीचा प्रश्न हाय. अकरा दे फक्त."

"आरं तिच्या! मग बहिणीनं काय खायाचं?"

"दोडका दे तिला!"

त्यानं अकरा मोजून दिली. आणि मी चार पावलं गेलो नाही तोवर मागं तुकारामचा ठणठणीत आवाज, "आयकलंसा का? आण्णा सोताच्या दुकानचं औषध मारल्यालं खाईत न्हाईत!"

घरी आलो तर शैलजा अंगणात रांगोळी काढत होती. पाठीमागच्या जिन्यानं वर गेलो. झाडावरची अकराही वांगी तोडली, पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत कोंबली. आता नवी वांगी. गुरुजी स्वतःच्या हातानं तोडणार, म्हणजे ती झाडालाच पाहिजेत! अश्विनीच्या शिलाईच्या डब्यातला हिरवा दोरा घेतला आणि एकेक वांगं देठाला गाठ मारून फांदीला बांधायला लागलो. पाचवं वांगं बांधताना लक्षात आलं, आमची वांगी जांभळी, आणि तुकारामची हिरवी-पांढरी, पट्ट्यापट्ट्यांची, काटेरी! कपाळावर हात मारला. रंग लावावा काय, असाही विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. पण खाली गाडीचा हॉर्न वाजला. राहिलेली सहा वांगी मी कशी बांधली ते माझं मला माहीत.

गुरुजी आले. उंच, सडसडीत, पांढरं धोतर-शर्ट, पायांत चपला. मागं समर्थची आई, म्हणजे काकू, आणि समर्थ. चहासुद्धा न घेता म्हणाले, "आधी गच्ची." सगळी वरात वर. मी मुद्दाम वांग्यांच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो. "गुरुजी, तो पुदिना बघा. हेल्मेटमधला!"

"पुदिना बघितला. सरका जरा, पावणं."

सरकलो. गुरुजी झाडापाशी वाकले. चष्मा नीट केला. एका वांग्याला बोट लावलं. वांगं गरागरा फिरलं. झाडाला लागलेलं वांगं असं फिरत नाही, हे मला बांधताना सुचलं नव्हतं. मग त्यांनी दोन बोटांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. शेवटची सहा मी घाईत बुटाच्या लेससारखी फुलगाठ मारून बांधली होती. अलगद सुटली. वांगं त्यांच्या हातात.

"छत्तीस वर्षं शेती शिकवली," गुरुजी म्हणाले, "पर देठाला गाठ असल्यालं वाण पहिल्यांदाच बघतोय."

"ही माझी न्हवंतच!" शैलजा किंचाळली. "माझी जांभळी हाईत! माझी वांगी कुटं गेली?"

गुरुजींचा चेहरा लाल. "बाजारातली इकत आणून टांगलासा व्हय? फोनवर काय बोल्लासा, आणि ह्ये काय? चल रं समर्थ." आणि ते जिन्याकडं वळले. समर्थ अश्विनीकडं बघतोय. अश्विनी माझ्याकडं.  आणि शैलजा, जिनं दोन वर्षं त्या झाडांना स्वतःच्या हातानं पाणी घातलं, ती खोटारडी ठरून भिंतीला टेकून उभी.

मला ते बघवेना. आणि मी ओरडलो, "गुरुजी, थांबा! तिचा काय दोष न्हाय! मी औषध मारलंय!"

जिन्यात पावलं थांबली. मग मी सगळं सांगितलं. बाटली, गुरुवार, दहा दिवसांचा हिशेब, ताकाला मिळालेलं फुकटचं श्रेय, मंडई, तुकाराम, त्याच्या बहिणीचा दोडका. कुणी हसेना. गुरुजी दोन पायऱ्या वर आले आणि तोंडी परीक्षेला सुरुवात केली.

"औषध कंचं?"

सांगितलं.

"किती?"

"लिटरला डब्यावर लिहिलंय तेवढंच. थेंब जास्त न्हाय."

"आन ती जांभळी कुटं हाईत?"

"स्कूटरच्या डिकीत. पुरून टाकणार होतो."

"कोण बघत न्हवतं. सुपारी फुटली असती. मग जेवू का घातली न्हाईसा?"

 मी म्हणालो, "तुमी जेवणार म्हणालासा, काकू जेवणार. माझी पोरगी जेवणार. मला माहीत हाय हो त्यात काय असतंय. दुसऱ्या कुणाला न्हाय तरी मला माहीत हाय."

गुरुजींनी हातातलं वांगं कठड्यावर ठेवलं. मग काकूंकडं वळून म्हणाले, "काय वो?"

काकू आल्यापासनं पहिल्यांदा बोलल्या. "खोटं तर केलंय. पर करायला येत न्हाय बिचाऱ्यास्नी. फुलगाठ मारलीया! असला व्याही बरा, पुढं कवाबी खोटं केलं तरी घावंल."

सुपारी त्याच गच्चीवर फुटली. जेवायला मात्र झुणका-भाकरी. तुकारामची वांगी धुऊन करू म्हटलं तर शैलजा म्हणाली, "आज ह्या घरात वांग्याचं नाव न्हाय." माझ्याशी ती पुढं आठ दिवस बोलली नाही. मंडळाच्या ग्रुपवर मात्र तिला लिहावं लागलं, 'अळ्या ताकानं मेल्या नव्हत्या. आमच्या घरात एक मोठी अळी आहे, तिचा प्रताप.' त्यावर चाळीस जणींनी हसऱ्या तोंडाची चित्रं पाठवली. शेजारणींनी विरजण परत आणून दिलं.

दुकानाची तऱ्हा निराळीच. तुकारामनं मंडईत लावलेली वात गावोगाव पोचली. आता शेतकरी डबा हातात घेतो, उलटासुलटा करतो आणि विचारतो, "आण्णा, ह्ये मारल्याव तुमी खाशीला काय?" आणि मी पुन्हा तेच सांगतो, सात दिवसांनी खाईन. पण आता गंमत म्हणजे काही जण थांबायला लागलेत. तुकाराम त्यातला एक. दर वेळी आठव्या दिवशी मला फोन करून सांगतो, "आण्णा, आज तोडतोय बरं का!" जसं काय मी मुहूर्त काढून देणारा भटजी!

साखरपुडा गारगोटीला झाला. पंगत बसली. पानात भात, वरण, बुंदी, आणि मधोमध भरलं वांगं. मी बुंदीला हात घालणार तेवढ्यात जाणवलं, अख्खी पंगत गप्प. शंभरभर माणसं, हात पानावर अधांतरी, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या पानातल्या वांग्यावर!

"व्हू द्या की आण्णा," पलीकडनं गुरुजी म्हणाले. "तुमी आधी."

मी घास घेतला. चावला. गिळला. शंभर माणसं माझ्या तोंडाकडं बघत थोडा वेळ थांबली. मी जिवंत आहे अशी खात्री पटल्यावर सगळे एकदम जेवायला लागले.

पूर्वी म्हणे राजेलोक ताटातलं आधी चाखून बघायला एक माणूस ठेवायचे. आमच्या पावण्यारावळ्यांत ती नोकरी मला कायमची लागलीय. लग्न असो, बारसं असो, वाढपी भाजीची बादली घेऊन सगळ्यांना ओलांडून सरळ माझ्यापाशी येतो, आणि परगावची मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसून सांगतात, "बघितलंसा? मुलीच्या बापाला केवढा मान देत्यात!"